एकशे अडुसष्ट तासांची यादी

परिषदेचा फोन आला तेव्हा वेणूआत्याच्या हातात वीणा होती. सप्ताहातली वीणा हातात असताना माणूस बसत नाही, बोलत नाही, फोन तर घेतच नाही. म्हणून तिच्या सुनेनं मांडवाच्या कडेला जाऊन तो घेतला आणि पलीकडच्या मुलीला सांगून टाकलं, "आत्या पहाऱ्यावर हायेत. बारा वाजता सुटतील. मंग करा." त्या मुलीनं खरोखरच बारा वाजून पाच मिनिटांनी पुन्हा फोन केला. आणि जिनं जन्मात कॉलेजची पायरी एकदाच चढली होती, ती वेणूआत्या तिच्याशी पंधरा मिनिटं बोलली.

वसुंधरा आठल्ये यांना हे दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. सांगणारा आनंदा घरत, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचा परिचर. वसुंधराबाई तिथल्याच प्राध्यापक, आणि गेली चार वर्षं कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाच्या प्रमुख. म्हणजे शिकवायचं ते शिकवायचंच, वर कॉलेज चांगलं आहे हे कागदावर सिद्ध करत राहायचं.

"मॅडम, तुमचे ते परिषदवाले लय चिवट दिसतात," आनंदा शेल्फवरच्या बाटल्या पुसत म्हणाला. "वेणूआत्याला इचारत व्हते, कॉलेजनं तुमाला काय दिलं म्हणून."

"वेणूआत्यांना? त्यांना कशाला?"

"आता ते मला काय ठावं. भावेशला पण आला. समीक्षाच्या बापाला पण आला. परवापासून वीसेक जणांना झाला आसंल. मांडवात दुसरी बातच नाय."

"पण या सगळ्यांचे नंबर परिषदेकडे गेले कसे?"

आनंदानं फडकं खांद्यावर टाकलं. "तेच मी तुमाला इचारणार व्हतो."

बाई तशाच उठल्या आणि कोपऱ्यातल्या संगणकासमोर जाऊन बसल्या.

कॉलेजांना मान्यता देणाऱ्या या परिषदेचे नियम यंदा बदलले होते. पूर्वी पाच वर्षांतून एकदा समिती यायची. महिनाभर आधीपासून भिंतींना रंग, दारात रांगोळ्या, टेबलावर माणूसभर उंचीच्या फायली. तीन दिवस समिती कागद चाळायची, मुलांचं नाटक बघायची, जेवून जायची आणि मग श्रेणी कळायची. यंदा ते सारं बंद. समिती येणार नाही, फोटो नकोत. माजी विद्यार्थ्यांची यादी द्या, निदान दीडशे नावं, मोबाईल नंबरासह. आम्ही त्यांनाच विचारू. श्रेणीही नाही. निकाल दोनच: मान्य किंवा अमान्य. एकदा माहिती भरली की कुलूप, मग अक्षर बदलता यायचं नाही. आणि माहिती खोटी निघाली तर तीन वर्षं अर्जच करता यायचा नाही.

अमान्य झालं तर पुढच्या जूनमध्ये प्रथम वर्षाचे प्रवेश बंद. करंजाड्याच्या कडेला खाडीकडे तोंड करून उभं असलेलं ते दोन मजली कॉलेज काही नावाजलेलं नव्हतं. पण चालत येता येईल असं दुसरं नव्हतंच. चालत येता येत होतं म्हणून शिकलेल्या मुली वसुंधराबाईंनी एकवीस वर्षांत शेकड्यांनी पाहिल्या होत्या. आणि भरलेली माहिती खरी असल्याच्या हमीपत्रावर सही होती त्यांचीच.

पाठवलेली फाइल त्यांनी उघडली. पहिली ओळ: वेणूबाई घरत, करंजाडे, मोबाईल नंबर, वेळ अकरा ते बारा.

त्यांनी डोळे मिटले. मग पुन्हा उघडून वाचलं. वेळ अकरा ते बारा.

आनंदाचं गाव विमानतळात गेलं होतं. घरं गेली, शेतं गेली, देऊळ उचलून दुसरीकडे आणलं, माणसं करंजाड्याला, उलव्याला, काही जासईकडे पांगली. राहिला तो सप्ताह. सात दिवस, सात रात्री वीणा जमिनीला टेकवायची नाही. तासातासाला हात बदलायचे. एकशे अडुसष्ट तास, एकशे अडुसष्ट माणसं. गाव एका जागी होतं तोवर ओट्यावरून हाक मारली की माणूस येई. आता हाकेला मोबाईल लागतो. म्हणून आनंदानं महिन्यापूर्वी मधल्या सुट्टीत विचारलं होतं, मॅडम, एक यादी करून द्याल काय. बाई तेव्हा माजी विद्यार्थ्यांचीच यादी करत होत्या. नाव, गाव, मोबाईल, वर्ष, असे रकाने आयते होते. त्यांनी त्याच फाइलचं दुसरं पान उघडलं, 'वर्ष' पुसून 'वेळ' लिहिलं, आणि आनंदा सांगेल तशी नावं बसवत गेल्या. दुपारच्या दोनच्या तासाला माणूस मिळेना तर दोघांनी चार दिवस शोधला. यादीतलं एकही घर रिकामं राहता कामा नये म्हणून आनंदा हटून बसला होता, आणि बाईंनाही कोडं सुटावं तशी त्यात गोडी लागली होती.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी, शेवटच्या तासात परिषदेची साइट रडतखडत चालत होती. फाइल त्यांना हव्या त्या प्रकारात जतन करायची म्हटलं की जे पान उघडं असेल तेवढंच जातं. पान उघडं होतं दुसरं. साइटनं नावं मोजली, दीडशेच्या वर आहेत. नंबर मोजले, दहा आकडी आहेत. आणि हिरव्या अक्षरांत 'यशस्वी' म्हणून मोकळी झाली.

"आनंदाभाऊ," बाई हळू आवाजात म्हणाल्या, "मी परिषदेला तुमचा सप्ताह पाठवलाय."

आनंदा जवळ येऊन पडद्याकडे बघत राहिला. आपल्या गावातली नावं सरकारी चौकटीत ओळीनं उभी पाहून त्याला काय वाटलं कोण जाणे. एवढंच म्हणाला, "दोन ते तीनवाला पण गेला काय?"

"सगळे गेले."

*

प्राचार्य इंद्रजीत रणदिवे यांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"आठल्ये मॅडम, म्हणजे आपण परिषदेला भजनी मंडळ पाठवलं."

"मंडळ नाही, सर. पहारेकरी."

"बरं झालं, स्पष्ट केलंत." ते खुर्चीत मागे रेलले. "आता ऐका. यातले काही आपल्याकडे शिकलेले असतीलच?"

"असतील दहा-पंधरा."

"मग उरलेलेही शिकले होते असं म्हणायला काय जातं? बोलून बोलून काय, फोनवर हो म्हणायचं. परिषद काय गुणपत्रिका मागणार आहे?" ते दाराशी उभ्या असलेल्या आनंदाकडे वळले. "घरत, तुमचा शब्द गावात चालतो. एक निरोप फिरवलात की काम झालं. कॉलेज तुमचंही आहे. तुमच्याच मुली येतात इथे."

प्राचार्य वाईट माणूस नव्हते. जूनमध्ये दारं बंद करायची पाळी आली तर काय, या विचारानं सकाळपासून त्यांचं डोकं ठणकत होतं, एवढंच.

आनंदानं उजव्या पायाच्या अंगठ्यानं फरशी जरा घासली. "सर, निरोप फिरवीन. पन आमची माणसं काय करतात सांगू का? तासभर वीणा घेऊन उभी राहतात. तिथून बाहेर आली की फोन येतो. आता त्या हातानं फोन धरून खोटं बोला म्हनून मी कोनाला सांगू? सांगितलं तर ऐकतील बी, माझा मान हाय. पन मंग पुढल्या वर्षी त्यांच्यासमोर कीर्तनाला उभा कसा राहू?"

"मी परिषदेला कळवते," वसुंधराबाई म्हणाल्या. "चूक झाली, यादी चुकीची आहे. त्यांनी शोधून काढायच्या आत आपण सांगायचं. पत्र माझ्या नावानं जाईल, सर. चूक माझी आहे."

"आणि त्यांनी अमान्य केलं तर?"

"तर तेही माझ्याच नावावर लागेल."

त्यांनी तिथेच बसून पत्र लिहिलं. साधी सात वाक्यं. ही माजी विद्यार्थ्यांची यादी नाही. आमच्या परिसरातल्या एका गावाच्या सप्ताहाची आहे. ती कशी गेली ते असं. फोन आलेल्यांचा यात काही दोष नाही. प्राचार्यांनी वाचलं, दोनदा वाचलं, आणि खिशातून पेन काढलं.

"एकटीनंच बुडायचं म्हणजे जरा जास्तच होतंय," म्हणाले, आणि खाली सही केली.

*

पत्र गेलं. पण फोन तर येतच राहणार होते. तेव्हा लोकांना आपल्या तोंडानं सांगायला हवं, म्हणून पावणेचारला बाई मांडवात गेल्या.

सप्ताहाला त्या याआधी कधी गेल्या नव्हत्या. त्यांच्या घरात देवाचं होतं ते शांत, एकट्यानं करायचं, समईच्या उजेडाएवढं. इथे देवळापुढच्या रिकाम्या भूखंडावर निळ्या-पांढऱ्या कापडाचा मांडव, एका अंगाला चहाचं पिंप, बाया पोळपाट मांडून बसलेल्या, वरून विमान गेलं की क्षणभर सगळ्यांचे आवाज बुडायचे आणि परत वर यायचे. देवासमोर एक म्हातारे गुरुजी वीणा छातीशी धरून उभे होते. बोट तारेवर फिरत होतं. त्यांच्याकडे कुणी बघतही नव्हतं, आणि तरी सगळा मांडव त्यांच्याभोवती उभा होता.

चारला दोन मिनिटं कमी असताना फाटकाशी कंटेनरचा एक ट्रेलर थांबला. अंगात कंपनीचं जाकीट, पायात जड बूट असा एक तरुण उतरला. बूट काढले, पाय धुतले, कपाळाला बुक्का लावला. गुरुजींसमोर गेला. दोघं एकमेकांच्या पायाला लागले, वाकताना वीणा दोघांच्या हातांत होती. गुरुजींचं बोट तारेवरून निघालं ते त्याचं बोट टेकल्यावरच. बाईंनी कान देऊन ऐकलं. नाद तुटला नाही.

मांडवाच्या बांबूवर एक कागद चिकटवलेला होता. त्यांनीच केलेली यादी, त्यांनीच निवडलेली अक्षरं. झालेल्या प्रत्येक तासापुढे पेन्सिलीची खूण होती. पहाटेच्या तीनपुढे, दुपारच्या दोनपुढे. एक घर रिकामं नव्हतं. आपण महिन्यापूर्वी ज्यांना चौकोन समजून इकडून तिकडे सरकवत होतो ते असे पाय धुऊन, आपापली कामं टाकून, उलव्याहून, जासईहून येऊन उभे राहत होते, आणि हे बाईंना आत्ता दिसत होतं. त्यांनी उगाच पर्समध्ये रुमाल शोधला.

प्रवचनकारांनी त्यांना ध्वनिक्षेपक दिला.

"तुम्हाला कॉलेजबद्दल जे फोन येतायत," बाई म्हणाल्या, "ती माझी चूक आहे. मी चुकून तुमची यादी माजी विद्यार्थी म्हणून पाठवली. माझ्यामुळे तुम्हाला त्रास होतोय. फोन घेतला नाहीत तरी चालेल. घेतलात तर जे खरं असेल तेच सांगा. कॉलेजात शिकला नसाल तर नाही म्हणा. कॉलेज सांभाळून घ्यायला जाऊ नका."

मागून एक बाई म्हणाली, "आनि सांगन्यासारखं कायतरी असंल तर?"

"तर सांगा."

"बाय, मी तर सांगून मोकली झाले," पुढे बसलेली एक म्हातारी म्हणाली. नाकात मोठी नथ, हात तांदळाच्या पिठानं पांढरे. तीच वेणूआत्या.

"काय सांगितलंत हो आत्या?"

"इचारलं ते. आता परत नाय सांगनार. दोनदा सांगितलं की पातल होतं."

मांडव हसला. बाईही हसल्या, पण काळजीनं. वेणूआत्याचा पंधरा मिनिटांचा जबाब परिषदेच्या दप्तरात जाऊन बसला होता, आणि त्यात काय होतं ते कुणालाच माहीत नव्हतं.

*

पत्र गेल्याच्या अकराव्या दिवशी सुनावणी लागली. प्राचार्यांच्या खोलीत मोठा पडदा लावला. पडद्यावर तिघं. मध्ये अध्यक्ष, डॉ. कमळाकर साने; जबाब मराठीत असल्यामुळे मुद्दाम मराठी जाणणारे नेमले होते. वयस्क, बारीक आवाजाचे. प्राचार्यांनी आनंदालाही बसवून घेतलं होतं. तो खुर्चीच्या अगदी टोकावर टेकला होता.

"तुमचं पत्र मिळालं," साने म्हणाले. "आधी आकडे सांगतो. एकशे अडुसष्ट फोन केले. एकशे त्रेसष्ट जणांनी उत्तर दिलं. मॅडम, मी या कामात आल्यापासून असा आकडा पाहिला नाही. तिघांतला एक बोलला तर आम्ही खूश असतो."

साने यांनी कागद उलटला.

"पहिला प्रश्न असतो, तुम्ही या महाविद्यालयाचे माजी विद्यार्थी आहात का. सोळा जण हो म्हणाले. एकशे सत्तेचाळीस जण नाही म्हणाले." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "नाही आल्यावर आमची मुलगी फोन ठेवणार. पण तिची तक्रार अशी की ही माणसं ठेवू देईनात. शिकलो नाही, पण बोलायचंय, म्हणत होती."

प्राचार्यांनी वसुंधराबाईंकडे एक चोरटी नजर टाकली.

"मी काही वाचतो," साने म्हणाले. "वेणूबाई घरत. 'मी शिकले नाय. गाव उठत व्हतं तवा रोज नवा कागद यायचा. वाचाला कोन नाय. कॉलेजच्या पोरी दारोदार येऊन वाचून दाखवायच्या. एक पोरगी मला म्हनाली, आजी, अंगठा देऊ नका, हा जमिनीचा नंबर तुमचा नाय. मी अंगठा मागं घेतला. मंग त्या पोरीचा हात धरून मी कॉलेजात गेले, तिच्या बाईला बघाला. बाई शिकवत व्हती. मी दारातून बघून आले.'"

बाईंना तो दिवस आठवेना. कुणी दारातून बघून गेलं असेल, तर कधी? कोणत्या वर्गाच्या? त्यांनी मुलींना ते काम कधी सांगितलं नव्हतं. मुली आपापल्या गेल्या होत्या.

साने वाचत होते. कंटेनर यार्डात काम करणारा भावेश: "मी दुसऱ्या वर्षाला नापास होऊन सोडलं. अजून रविवार सोडून सुट्टी मिळाली की लायब्ररीत येऊन बसतो. मला आजवर कुणी हटकलं नाही. मागच्या बाजूचं मुलींचं स्वच्छतागृह कायम कुलूपबंद असतं, ते उघडा." समीक्षाचे वडील: "पोरगी घरी बसली होती, माझंच म्हणणं होतं बसावं. आठल्ये मॅडम आल्या, ओट्यावर बसल्या, चहा घेतला. शिक्षणाचं एक अक्षर बोलल्या नाहीत. उठताना म्हणाल्या, समीक्षाचं टेबल मी रिकामं ठेवलंय. एवढंच. दुसऱ्या दिवशी मीच सोडून आलो."

हेही बाई विसरल्या होत्या. चहा आठवला, गूळ घातलेला होता. बोललेलं वाक्य आठवलं नाही. ते आपल्यातून निघून गेलं होतं आणि तिकडे एका घरात नऊ वर्षं राहिलं होतं. त्यांनी पदर ओढून घेतला.

"आता हे," साने म्हणाले. "यात चौतीस जणांनी एकच गोष्ट सांगितली आहे, वेगवेगळ्या शब्दांत. ती तुमच्या अहवालात मला कुठेच सापडली नाही, म्हणून विचारतो. 'पाण्याची बाटली आनंदा सकाळी नेतो. संध्याकाळी सांगतो पिऊ का नको. आधी गावची विहीर, आता इकडची बोअर. खाडीचं खारं पाणी आत आलं की तो आधी सांगतो. अठरा वर्षं झाली.' हे कोण आनंदा? तुमच्या पाणी तपासणी केंद्राचे प्रमुख का?"

खोलीत सगळ्यांच्या माना वळल्या. आनंदा पायाच्या अंगठ्याकडे बघत होता.

"सर, आमच्याकडे असं केंद्र नाही," वसुंधराबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला. "आनंदाभाऊ आमचे परिचर आहेत. मला हे माहीत नव्हतं."

"अठरा वर्षं?"

"अठरा वर्षं माझ्याच प्रयोगशाळेत, सर. मला माहीत नव्हतं."

"मॅडम, पोरांच्या प्रयोगातून उरतं ते सिल्व्हर नायट्रेट टाकूनच द्याचं असतं, त्यानंच पान्यातलं मीठ कळतं," आनंदा घाईनं म्हणाला, जणू त्याच्यावर चोरीचा आळ होता. "तुमी मुलांना शिकवता ते मी बघून बघून शिकलो. मधल्या सुट्टीत कराचो. काचेचं सामान एकबी फोडलं नाय."

साने यांनी चष्मा काढून ठेवला, आणि तो लावल्याशिवायच बोलले.

"नियम सांगतो. ही यादी बाद. त्याला इलाज नाही. माजी विद्यार्थी म्हणून या जबाबांचा एक गुणही धरता येणार नाही. पण नियमात दुसरंही कलम आहे. परिषदेनं शोधायच्या आत संस्थेनं स्वतःची चूक कळवली तर पंधरा दिवसांत योग्य माहिती भरता येते. तुमचं पत्र, आम्ही ही उत्तरं पडताळायला घेतली त्याच्या चार दिवस आधीचं आहे. खरी यादी आहे ना?"

हो म्हणून सुटता आलं असतं. बाईंनी मान हलवली. "आहे, सर. दोनशे बारा नावं. पण खरं सांगायचं तर निम्म्याहून जास्त नंबर जुने असतील. गावं उठली, माणसं हलली. मी तेव्हा एकालाही फोन करून पाहिला नव्हता. नुसती रजिस्टरं उतरवली होती."

प्राचार्यांनी कपाळाला हात लावला.

"दीडशे लागतात," साने म्हणाले. "पंधरा दिवस आहेत."

"आणि ही उत्तरं, सर? ही पुसली जाणार?"

"ती कुठल्या रकान्यात बसतात ते मला अजून कळलेलं नाही," अध्यक्ष म्हणाले. "बसवणं आमचं काम आहे. पुसणार नाही."

*

दोनशे बारांपैकी चालू निघाले चौसष्ट. बाकीच्या नंबरांवर कुणी उचलेना, किंवा उचलणारा कुणी वेगळाच.

वसुंधराबाई आणि आनंदा यांनी यादी छापली आणि रविवारी सकाळी करंजाड्याच्या देवळापुढे सतरंजीवर मांडली. मांडव केव्हाच उतरला होता. पण निरोप गेला तसे लोक आले. वीस, मग चाळीस. "ही रंजिता, आमच्या मागल्या आळीची, उलव्याला दिली." "हा सुशांत, विमानतळावर सामानाच्या पट्ट्यावर असतो, थांबा, लावतो फोन." "ही अंकिता ना, तिचं आडनाव बदललं, म्हनून सापडत नाय तुमाला." एकेका नावाभोवती पाच-पाच डोकी वाकत. गाव नकाशावरून गेलं होतं, पण कोण कुठे नांदतं, कुणाची बदली झाली, कुणाला मुलगी झाली, हे सगळं जिथल्या तिथे होतं. बाई लिहीत होत्या. मध्येच त्यांचं पेन थांबायचं. एवढं मोठं रजिस्टर, आणि ते कुठल्याच कपाटात नव्हतं.

ज्यांना फोन लागले त्यातले बरेच आधी दचकायचे. रंजिता म्हणाली, "मॅडम, कॉलेजातून फोन? माझं काही राहिलंय का भरायचं?" काही नाही, म्हटल्यावर बराच वेळ बोलली.

चौदाव्या दिवशी एकशे ब्याऐंशी नंबर हाती होते, प्रत्येक स्वतः लावून पाहिलेला. फाइल पाठवताना बाईंनी दुसरं पानच ठेवलं नाही. आनंदाला शेजारी बसवून एकेक नाव मोठ्यानं वाचायला लावलं. प्राचार्य मागे उभे राहून ऐकत होते. शेवटच्या नावाला म्हणाले, "आता कीर्तनाचं निमंत्रण तेवढं जाऊ देऊ नका."

निकाल दीड महिन्यानं आला. मान्य.

खाली दोन सूचना होत्या. मागचं स्वच्छतागृह विद्यार्थिनींसाठी खुलं ठेवावं. आणि परिसरातील पाणी तपासणीचं काम महाविद्यालयानं आपलं म्हणून नोंदवावं, त्याची वही ठेवावी, एका प्राध्यापकानं त्यात सहभागी व्हावं.

पहिल्या सूचनेचं कुलूप प्राचार्यांनी त्याच दुपारी स्वतः उभं राहून काढवलं. दुसऱ्या सूचनेसाठी वसुंधराबाई कोरी वही घेऊन प्रयोगशाळेत आल्या. मधली सुट्टी होती. आनंदानं खिडकीशी स्टँड लावला होता. काचेच्या उभ्या नळीत सिल्व्हर नायट्रेट, खाली चंचुपात्रात बोअरचं पाणी, क्रोमेटनं पिवळं झालेलं.

"मॅडम, तुमी करा. मी लिहितो."

"नाही. तुम्ही करा, मी लिहिते."

त्यानं जरा संकोचून हात धुतले आणि तोटी फिरवली. थेंब पडला की पिवळ्यात तांबूस भोवरा उठायचा आणि पात्र फिरवताच विरून जायचा. उठायचा, विरायचा. हा प्रयोग बाईंनी एकवीस वर्षं शिकवला होता: लाली टिकली की नळीवरचा आकडा वाचायचा, त्यावरून पाण्यातलं मीठ कळतं. थेंबागणिक लाली जरा उशिरा विरू लागली. एक भोवरा टिकलासा वाटला.

"झालं," बाई म्हणाल्या.

"नाय, मॅडम. आजून एक."

तो थांबला. शेवटचा थेंब नळीच्या टोकाशी जमत होता, फुगत होता, सुटत नव्हता. आनंदानं त्याला घाई केली नाही. बाईंच्याही लक्षात आलं की आपण श्वास धरून उभ्या आहोत. मग तो सुटला. पिवळं पाणी विटकरी झालं आणि तसंच राहिलं.

"लिहा," आनंदा म्हणाला, आणि नळीवरचा आकडा वाचून सांगितला. बाईंनी वाकून वहीच्या पहिल्या ओळीत तो लिहून घेतला.